नापास झालेल्या नर्सिंग-मेडिकलच्या मुलांना सावरायचं की बाहेरचा रस्ता दाखवायचा?

वॉर्डातली_मास्तरीण
रिझल्ट लागला की दरवेळी तेच. फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) राहिलेली मुलं तोंड पाडून येतात, त्यांना फेरपरीक्षेची तारीख सांगायची, वर "आता तरी नीट अभ्यास करा" म्हणायचं, की आमची जबाबदारी संपली. तीच पोरं तीच नोट्सची वही परत वाचतात आणि परत तिथेच आपटतात.

माझं म्हणणं, आधी तो नेमका कुठे अडकला ते शोधा, मग शिकवा. साधं गणित घ्या. १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचंय, नळीचा सेट २० थेंबांचा, म्हणजे १ मिलीला २० थेंब, तर मिनिटाला किती थेंब? उत्तर साधारण ४२. चुकलेल्या मुलांना समोर बसवून मोठ्याने बोलत बोलत हे करायला लावा, मग गंमत कळते. एक जण तासांची मिनिटं करायचंच विसरतो. दुसरी तासाला १२५ मिलीपर्यंत एकदम बरोबर येते आणि मग २० ने गुणायच्या ऐवजी भागून मोकळी होते. तिसऱ्याचं गणित पक्कं आहे, पण हे २० आले कुठून हेच त्याला ठाऊक नाही, कारण सेटचं पाकीट हातात घेऊन त्यावर काय छापलंय ते त्याने कधी वाचलेलंच नाही. पेपरात तिघांनाही भोपळा, आणि आपण तिघांनाही एकच औषध देतो, "जास्त वेळ बसा".

चौथा_मजला_निवासी
मॅडम भावना पोचल्या, पण प्रचंड असहमत. ही काय इतिहासाची परीक्षा आहे का? इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू लिहिलं आणि घाईत ते शून्यासारखं दिसलं की १० चे १०० होतात, म्हणून तर तसं लिहू नका म्हणून कानीकपाळी ओरडतात. मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम झालं तर डोस हजारपट. बेडवरच्या माणसाला तुमच्या विद्यार्थ्याची पार्श्वभूमी, टेन्शन, घरची परिस्थिती याच्याशी काय घेणं आहे?
आणि आपल्या लोकांना नापास करायला जमतं कुठे? कॅथलीन डफी यांचा स्कॉटलंडमधला २००३ चा अभ्यास आहे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर, त्यात हेच आलंय, शंका असूनही मेंटर लोक संशयाचा फायदा देऊन मुलांना पुढे ढकलतात. तुम्ही "सावरा" म्हणाल, प्रत्यक्षात "ढकला" होणार.

वॉर्डातली_मास्तरीण
अहो सर, पास करा असं मी म्हटलंय कुठे? उलट डोसच्या गणिताला ५० टक्क्यांना पास हा प्रकारच मला पटत नाही, अर्धे डोस चुकले तरी चालतील असा त्याचा अर्थ होतो. तिथे सगळंच बरोबर यायला हवं, हवं तर चार वेळा बसवा. रेषा खाली आणू नका, माणसाला रेषेपर्यंत आणा, एवढंच.
आणि डफींच्याच अभ्यासात हेही आहे की अडचण वेळेवर सांगितली जात नाही, शेवटच्या आठवड्यात कळून काय उपयोग. पोस्टिंगच्या (वॉर्डातल्या ड्युटीच्या) मध्यावरच तोंडावर सांगितलं आणि लिहून ठेवलं तर नापास करणंही सोपं जातं आणि सावरणंही.

विषय_राहिलेला
इथे सगळी शिकवणारी मंडळीच बोलतायत म्हणून मी पण लिहितो. विषय राहिला की काय होतं माहितीये का, बॅच पुढे जाते, तुमची नवीन सेमिस्टरची पोस्टिंग चालूच असते, राहिलेल्या विषयाचं लेक्चर ज्युनियरांसोबत आणि तेही नेमकं पोस्टिंगच्या वेळेत, आणि स्टाफरूममध्ये जाऊन विचारायचं तर तिथे आधी "अच्छा, तूच का तो" हे ऐकावं लागतं, मग कोण जाणार.
पुस्तक पिवळं करून करून हायलायटर संपले माझे. नंतर कळलं की २०१३ मध्ये डनलॉस्की आणि इतरांनी अभ्यासाच्या पद्धती तपासल्या तेव्हा हायलाइट करणं आणि परत परत वाचणं तळाला निघालं, आणि पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारणं, तेही थोड्या थोड्या दिवसांनी, हे सगळ्यात वर. कॉलेजात एकानेही हे सांगितलं नव्हतं.
मला एका सिनियर ताईने काढलं यातून. ती फक्त "का" विचारायची. दमेकऱ्याला प्रोप्रानोलॉल (बीपी-हृदयाचं औषध) का नाही? मला यादी तोंडपाठ, कारण येईना. मग तिने हृदयातले बीटा-१ आणि श्वासनलिकेतले बीटा-२ रिसेप्टर (औषध जिथे जाऊन बसतं त्या जागा) असं कागदावर काढायला लावलं, हे औषध दोन्ही अडवतं, मग श्वासनलिकेचं काय होणार तूच सांग. त्यानंतर त्या गटातली औषधं पाठ करावी लागलीच नाहीत.

जुना_लेक्चरर
छान. आता हे करणार कोण ते पण सांगा. वॉर्ड, लेक्चर, इंटर्नलचे (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचे) पेपर, फायली, इन्स्पेक्शन आलं की रात्री बसून रजिस्टरं, आणि त्यात एकेकाला समोर बसवून "मोठ्याने गणित कर बाळा"? सिनियर ताईवर ढकललंत तर तिची पण परीक्षा असते हो.
शिवाय एक कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. जो पहिल्या फटक्यात काठावर पास झाला त्याला काहीच मिळत नाही आणि नापास झालेल्याला स्पेशल कोचिंग. ४९ वाल्याकडे सगळं लक्ष, ५१ वाला वाऱ्यावर. दोघांत असा काय मोठा फरक आहे?

फिजिओवाली
जुना_लेक्चरर सरांच्या शेवटच्या मुद्द्याला +१, काठावरचे सगळ्यात दुर्लक्षित.
पण निवासी साहेब, धोकादायक कोण हे ठरवताना आपण चुकीच्या ठिकाणी बघतोय असं मला वाटतं. पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, पुढे जाऊन मेडिकल बोर्डाची कारवाई झालेल्या डॉक्टरांचे कॉलेजातले रेकॉर्ड काढून बघितले. विद्यार्थी असतानाच बेजबाबदार वागणुकीच्या नोंदी असलेल्यांवर पुढे कारवाई होण्याची शक्यता इतरांच्या साधारण तिप्पट निघाली. पहिल्या दोन वर्षांतल्या कमी मार्कांचाही संबंध निघाला, पण वागणुकीइतका ठळक नाही. म्हणजे ॲनाटॉमी राहिलेली मुलगी आणि न मोजताच चार्टवर बीपी लिहून मोकळी होणारी मुलगी, दोघींना एकाच "वीक स्टुडंट"च्या यादीत घालणं हाच घोळ आहे. पहिलीला शिकवता येतं. दुसरी मात्र बऱ्याचदा मार्कांत पुढे असते आणि तिला कोणी काही बोलतच नाही.

चौथा_मजला_निवासी
फिजिओवाली, मुद्दा मान्य. न मोजता लिहिलेला बीपी मी पण बघितलाय, प्रत्येक पेशंटचा १२०/८०, अख्खा वॉर्ड ठणठणीत.
तरी दोन गोष्टी. एक, जो जादा शिकवतो त्यानेच फेरपरीक्षा घ्यायची नाही. इतके दिवस जीव लावून शिकवल्यावर त्याच मुलाला हातात पेन घेऊन शून्य द्यायला कोणाचा हात उठतो? दुसरा परीक्षक आणा, ओस्की (एकेका स्टेशनवर ठरलेलं काम करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा) घ्या, म्हणजे स्टेशनवर जे हाताने केलं तेच मोजलं जाईल, रडवेला चेहरा नाही. दोन, या जादा मदतीवर जे संशोधन झालंय ते बहुतेक फेरपरीक्षा पास झाला का इथेच थांबतं, क्लेलंड वगैरेंनी २०१३ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासून हेच म्हटलंय. पुढच्या वर्षी तोच मुलगा वॉर्डात काय दिवे लावतो हे कोणी बघितलं? ते बघायची तयारी नसेल तर हे सगळं रिझल्टची टक्केवारी सुधारण्यासाठीचं नाटक आहे.
आणि प्रयत्नांना मर्यादा हवीच. सहाव्यांदा बसणाऱ्याला आशा दाखवणं ही दया नाही, त्याची वर्षं खाणं आहे.

वॉर्डातली_मास्तरीण
वेगळा परीक्षक, शंभर टक्के मान्य. मर्यादाही असू दे, पण मला आधी हे कळू दे की त्या सहा प्रयत्नांत त्याला काही वेगळं मिळालं का? तोच पेपर, तीच वही आणि तेच टोमणे सहा वेळा मिळाले असतील तर माझ्या हिशेबी तो एकच प्रयत्न झाला.

विषय_राहिलेला
आणि मर्यादा असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, आणि बाहेर पडताना रस्ता पण दाखवा. माझा एक बॅचमेट सोडून गेला, त्याला लॅबकडे वळता आलं असतं, मशीनवर हात चांगला होता त्याचा. कोणी विचारलंच नाही, त्याने सरळ ग्रुप सोडला आणि फोन बंद.

जुना_लेक्चरर
हे बघा, रिझल्टनंतर धावाधाव करून माझ्याकडून काही होणार नाही. पहिल्या इंटर्नलनंतर यादी काढा, त्यात काठावरचे पण घ्या, आणि एकेकाला नको, चार-पाच जणांना मिळून बसवा, एकाने बोर्डावर सोडवायचं, बाकीच्यांनी चूक पकडायची. आठवड्याला एक तास देतो. त्या तासाला मला रजिस्टरं भरायला बोलावणार नाही असं एचओडींकडून (विभागप्रमुखांकडून) लिहून आणा, तोंडी चालणार नाही.