'जाहिरात', 'प्रचारकी' की 'जाहिरातवजा'?

प्रश्न: मराठी विकिपीडियावर एखादा लेख कौतुकाने ओथंबलेला दिसला की वर सूचनेचा साचा, म्हणजे तयार मजकुराची पट्टी, लावतात. त्या सूचनेत 'जाहिरात' म्हणावं, 'प्रसिद्धीपर' की 'प्रचारकी'? एका पतसंस्थेवरच्या लेखात 'सभासदांचा अढळ विश्वास हेच आमचे भांडवल' असं वाक्य आहे. तिथे काय बसेल?

प्रतिसाद: तिथे 'जाहिरात'च. 'आमचे' म्हटलंय, म्हणजे संस्था स्वतःच बोलतेय. जाहीर सभा, जाहीरनामा यांतला 'जाहीर' नुसता उघड, सर्वांसमोरचा. गिऱ्हाईक ओढण्याचा अर्थ 'जाहिराती'ला चिकटला. त्यामुळे क्लास, दवाखाना, गृहप्रकल्प असं विकण्याजोगं काही असेल तिथे हा शब्द चोख. 'प्रचारकी' पक्ष, पंथ, विचारसरणी यांच्यासाठी ठेवावा. 'प्रसिद्धीपर' मला पटत नाही. मराठीत पुस्तकही प्रसिद्ध होतं आणि माणूसही, त्यामुळे दोष नेमका कळत नाही.

प्रतिसाद: मला मात्र 'जाहिरात' सरसकट लावायला नको वाटतं. आपल्याकडचे कितीतरी लेख गौरवपर असतात. शिष्य गुरूवर लिहितो, गावकरी आपल्या आमदारावर, आणि फ्लेक्सवरचे 'कार्यसम्राट', 'तरुणांचे आशास्थान' जसेच्या तसे लेखात येतात. त्यात पैशाचा संबंध असतोच असं नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापर-अटींनुसार 2014 पासून मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने ते उघड करावं लागतं. तेव्हा लेखाला थेट 'जाहिरात' म्हटलं की लिहिणाऱ्यावर संशय जातो, आणि नवखा सदस्य दुखावून निघून जातो. इंग्रजी विकिपीडियाची सूचनासुद्धा बोट मजकुरावर ठेवते, लिहिणाऱ्यावर नाही.

यासाठी आपल्याकडे 'वजा' आहे की! विनंतीवजा सूचना, धमकीवजा पत्र म्हणतो तसा 'जाहिरातवजा मजकूर'. इथला वजा उणे नव्हे, त्या धाटणीचा. दोष वाक्यावर राहतो, माणसावर जात नाही. गुरूवरच्या किंवा आमदारावरच्या लेखाला सरळ 'गौरवपर भाषा' म्हणावं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आदरार्थी बहुवचनाला कुणी जाहिरात समजू नये. 'त्यांनी शाळा काढली' हे साधं मराठी आहे. 'मा.', 'साहेब', 'यांच्या अथक परिश्रमांतून' हे काढा.

प्रतिसाद: 'जाहिरातवजा' आवडला. पण साचा लावून निघून जाऊ नका. कोणतं वाक्य खटकलं ते त्या लेखाच्या चर्चा पानावर लिहा. 'परिसरातील अग्रगण्य, अत्याधुनिक रुग्णालय' याऐवजी स्थापनेचं वर्ष, खाटा, विभाग आणि त्यांचे स्वतंत्र संदर्भ मागा. विशेषणं उचलल्यावर लेखात दोन ओळीही उरत नसतील, तर ती निखळ जाहिरात. तिथे 'वजा' जोडायची गरज नाही, पान काढण्याचीच विनंती करावी.