मदत हवी आहे: पॅरामेशियममधलं यीस्ट निळं होत नाही

नववीच्या मुलांना पांढऱ्या पेशी जंतूला कशा गिळतात ते जिवंत दाखवायचं आहे. शाळेत माणसाचं रक्त वापरायचं नाही, हे पक्कं. म्हणून फुटाळा तलावाच्या पाण्यात वाळलेलं गवत टाकून पॅरामेशियम (एकपेशीय सूक्ष्मजीव) वाढवले आणि काँगो रेड या रंगात उकळून गार केलेलं यीस्ट त्यांना खायला दिलं.

गिळणं झकास दिसतं. पोटात लाल ठिपक्यांच्या गोल पिशव्या तयार होतात. (पांढरी पेशी छद्मपाद पसरून जंतूला कवेत घेते, पॅरामेशियमला ठरावीक तोंड असतं; हा फरक मुलांना सांगणार आहे.) पण पुढचा भागच खरा महत्त्वाचा: पिशवीत आम्ल वाढतं, मग लयकारिका (पेशीतल्या पाचक रसांच्या पिशव्या) येऊन मिळतात आणि आतला माल पचतो. काँगो रेड साधारण पीएच ५ ला लाल असतो, ३ ला निळा. तो निळा काही दिसत नाही.

यीस्ट कमी करून पाहिलं, रंग पातळ केला, धावपळ थांबावी म्हणून स्लाइडवर कापसाचे तंतूही टाकले. मायक्रोस्कोप ४० च्या भिंगापर्यंतच आहे. खोलीत कूलर आहे, तरी मे महिन्यातलं नागपूर म्हणजे पाणी कोमटच राहतं.

पिशवी पुढे पुन्हा उदासीन होते, तेव्हा निळा टप्पा येऊन निघूनही जात असेल. यीस्ट दिल्यावर नेमकं कितव्या मिनिटाला बघायचं? की पाण्याचा जडपणा किंवा ही उष्णता आड येतेय?