शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा ताण आणि समाधान: प्रश्नावली कोणती, भरून कशी घ्यायची?

गोदाकाठ_नांदेड: विद्यापीठातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांवर लघुप्रबंध आहे. कामाचा ताण, समाधान आणि नेमून न दिलेली मदत (शेजारच्या टेबलाचं काम ओढणं, नव्या लिपिकाला टिपणी लिहायला शिकवणं), या तिन्हींचा संबंध पाहायचाय. कर्मचारी ४००. नमुना किती? प्रश्नावल्या कोणत्या?

जालनेकर: ४०० ला क्रेजसी-मॉर्गन तक्त्यानं (नमुन्याचा आकार ठरवायचा तक्ता) १९६. वाटा मात्र २५०, अर्धवट फॉर्म निघतातच. ताणासाठी श्रीवास्तव-सिंह यांची १९८१ ची सूची घ्या: ४६ विधानं, १२ पोटविभाग. समाधानासाठी स्पेक्टरची ३६ विधानं, प्रत्येकाला १ ते ६ गुण. घोळ होतो तो इथंच. यातली १९ विधानं उलटी आहेत, म्हणजे होकार दिला तर नाराजी. त्यांचे गुण आधी ७ मधून वजा करायचे, मग बेरीज. सरळ विधानांना ५ आणि उलट्यांना २ देणारा माणूस १८० वर असायला हवा. वजाबाकी राहिली की तो १२३ वर येतो. नाराज माणूसही त्याच्या आसपासच येतो, आणि प्रबंधात 'लक्षणीय फरक आढळला नाही' छापलं जातं.

परभणी_कट्टा: ताणाची एकच बेरीज मांडू नका. परीक्षा विभागात निकालाच्या तोंडावर कामाचा बोजा असतो. कंत्राटी माणसाला दोन साहेबांचे दोन हुकूम. बेरीज सारखी, दुखणं वेगळं. पोटविभागवार तक्ते करा, स्थायी-कंत्राटी रकाना ठेवा. 'नोकरी टिकेल का' याला त्या सूचीत पोटविभाग नाही, तो प्रश्न वेगळा घाला.

जालनेकर: बरोबर. आणि मदतीबद्दल ज्याचं त्यालाच विचारलं तर सगळेच परोपकारी निघतात! पाकिटात दोन फॉर्म द्या, दोन्हींवर एकच आकडा. एक स्वतः भरायचा, मदतीचा शेजारच्या टेबलानं. आकडा कुणाचा, याची यादी तुमच्याकडेही नको.

गोदाकाठ_नांदेड: अधीक्षकांमार्फत वाटले तर चालेल का सर? लवकर परत येतात.

परभणी_कट्टा: लवकर येतात आणि साहेबाच्या धाकानं सगळे सारखेच येतात. तिघांच्या कक्षात वय, पद आणि कक्ष लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच. वयाचे गट ठेवा, लहान कक्ष एकत्र करा. बंद पाकिटं टाकायला ग्रंथालयाच्या दाराशी कुलूपबंद पेटी ठेवा. सीसीटीव्हीखाली नको.