'एरंट' या इंग्रजी विशेषणाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुंबई-पुण्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'एरंट मोटरिस्ट', 'एरंट बिल्डर' असे शब्दप्रयोग सारखे दिसतात. तिथे अर्थ सरळ आहे: नियम मोडणारे, बेशिस्त. 'एरंट हजबंड' म्हणजे बायकोशी प्रतारणा करणारा नवरा, हेही कळतं. अडतं ते 'नाइट-एरंट'पाशी. साहसाच्या शोधात मुलूखभर फिरणारा हा मध्ययुगीन वीर. त्याच्या फिरण्यात दोष तर नाहीच, उलट गौरव आहे.

व्युत्पत्ती पाहिली तर दोन धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. लॅटिन 'इतेर' म्हणजे प्रवास आणि 'एर्रारे' म्हणजे भरकटणं. 'एरर' आणि 'इरॅटिक' हे या दुसऱ्या घराण्यातले. 'ॲरंट नॉनसेन्स'मधला 'ॲरंट' हेही मुळात याचंच रूप, पण त्याचा अर्थ आता 'शुद्ध', 'निव्वळ' असा झाला आहे.

मराठीत वाटही चुकते आणि गणितही चुकतं, त्यामुळे 'चुकार' मला सर्वांत जवळचा वाटतो. कपाळावर आलेल्या 'एरंट' बटेला तो फार छान बसतो. पण क्षेत्ररक्षकाच्या भरकटलेल्या थ्रोला? किंवा बेशिस्त वाहनचालकाला? तिथे जमत नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्या किंवा अनुवाद करणाऱ्यांनी कृपया सांगावं: आजच्या इंग्रजीत हा शब्द ठपका न ठेवता, नुसतं 'भटकं' या अर्थाने वापरता येतो का? आणि तो नामाच्या आधीच यावा लागतो, की 'ही इज एरंट' असंही कुणी सहज म्हणतं? उदाहरणं दिलीत तर फार उपयोग होईल.