मदत हवी आहे: लँडस्केप फोटो किती एडिट करायचे? स्क्रीनवर झकास, प्रिंट मात्र फसतेय

घाटमाथा
मंडळी, जरा लवकर मदत करा. हरिश्चंद्रगड आणि कासचे फोटो प्रिंट करायचे आहेत. टेस्ट प्रिंट आणली आणि डोकंच फिरलं. कड्याच्या माथ्यावर पांढरी रेघ, हिरवळ प्लास्टिकची, आणि सगळंच काळपट. लॅपटॉपवर हेच फोटो मस्त दिसतात. घरचे म्हणतात जास्त एडिट केलंय, ग्रुपवर म्हणतात अजून थोडा पंच हवा. नक्की किती करायचं? कुठला स्लायडर कुठपर्यंत, ते आकड्यांत सांगा. तत्त्वज्ञान नको. शुक्रवारी फाइल द्यायच्या आहेत.

शटरबटण
रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आहेत की जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेली)? सॉफ्टवेअर कुठलं? स्क्रीनचा ब्राइटनेस किती होता? लॅबला फाइल कुठल्या कलर स्पेसमध्ये (एसआरजीबी, ॲडोबी आरजीबी असे रंगांचे ठरलेले पल्ले) दिली? प्रिंट केवढी, कागद कुठला? हे कळल्याशिवाय आकडे सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळ्या देणं.

घाटमाथा
लाइटरूम. हायलाइट्स (उजळ भाग) -१००, शॅडोज (गडद भाग) +१००, क्लॅरिटी (कडांचा कॉन्ट्रास्ट) +४५, डीहेझ (धुकटपणा काढणारा) +३०, व्हायब्रन्स (रंग चढवणारा) +४०. सगळे यूट्यूबवर हेच करतात. प्रिंट १२ बाय १८ इंच, मॅट.

कातळ
रेघेचं कारण तुमच्या याच आकड्यांत आहे. हायलाइट्स, शॅडोज, क्लॅरिटी, डीहेझ हे स्लायडर एकेका पिक्सेलपुरतं काम करत नाहीत, शेजारचा भाग बघून ठरवतात. उजळ आकाश आणि काळा कडा जिथे भेटतात तिथे एकाला पार खाली आणि दुसऱ्याला पार वर ओढलं की मधल्या पट्ट्यात ना धड आकाशाचा हिशेब लागतो ना कड्याचा, आणि तेवढी पट्टी उजळ राहते. वर क्लॅरिटी नेमकी त्याच सीमेवर कॉन्ट्रास्ट चढवते. म्हणून रेघ.

चारही शून्यावर आणा. आधी एक्स्पोजर असं ठेवा की कडा नीट दिसेल, आकाश थोडं उजळ वाटलं तरी चालेल, फक्त जळता कामा नये. मग आकाशावर लिनिअर ग्रेडियंट (विरत जाणारा मास्क, म्हणजे तेवढ्याच भागापुरता बदल), एक्स्पोजर -०.५ ते -०.८. तो मास्क ल्युमिनन्स रेंजशी (फक्त उजळ भाग निवडणाऱ्या मास्कशी) इंटरसेक्ट करा, म्हणजे कड्याचा माथा सोबत काळा पडणार नाही. त्यानंतर संपूर्ण फोटोला हायलाइट्स -३० ते -४०, शॅडोज +२० ते +३०. एवढं बहुतेक वेळा पुरतं. क्लॅरिटी +१० च्या वर नको, तीही ब्रशने फक्त कातळावर. कातळाचा खडबडीतपणा हवा असेल तर टेक्श्चर +२० करून बघा, ते बारीक तपशिलावर चालतं, त्यामुळे कडेला फार त्रास देत नाही.

डीहेझ +३० तर काढाच. कड्यावरून कोकणात बघताना मागच्या रांगा एकीपेक्षा एक फिकट दिसतात, त्यावरूनच अंतर कळतं. ते धुकट फिकटपण पुसलं की सगळे डोंगर एका भिंतीला चिकटवल्यासारखे दिसतात, सावल्यांत निळी झाक येते आणि नॉइज वर येतो. शेवटी १०० टक्के झूम करून माथ्याची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. शार्पनिंगची रेडियस १.० च्या वर असेल तर खाली आणा, बारीक रेघ त्यानेही येते.

रॉ की जेपेग ते अजून सांगितलं नाहीत.

सरळसाधा
एवढा खटाटोप मुळात करायचाच कशाला? कॅमेऱ्यातून आलं ते ठेवा. फार तर क्रॉप आणि क्षितिज सरळ. प्रवासाचा फोटो म्हणजे तिथे काय दिसलं त्याची नोंद. लोक फोटो बघून पावसाळ्यात गडावर जातात आणि 'फोटोत होतं तसं हिरवं नाही' म्हणत परत येतात.

अंधारखोली
सरळसाधा, कॅमेऱ्यातून आलेलं जेपेग हेही एडिटच आहे, फक्त ते कंपनीच्या इंजिनिअरने ठरवलंय. पिक्चर स्टाइल 'लँडस्केप' ठेवली की कॅमेरा स्वतःच निळा-हिरवा चढवतो, शार्पन करतो, नॉइज पुसतो. बरं, जे उरतं ते ८ बिट, म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या. १४ बिट रॉमध्ये त्याच १६,३८४ असतात. ऑटो व्हाइट बॅलन्स पहाटेचा केशरी रंग बऱ्याचदा अर्धा खाऊन टाकतो. मग 'तिथे दिसलं ते' जेपेगमध्ये कुठून येणार?

आणि हे डिजिटलमुळे आलेलं नाही. ॲन्सेल ॲडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्राचा फोटो काढला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश जवळपास काळं आहे. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तिथला तपशील वर आणला. डॉज आणि बर्न (एखादा भाग उजळ किंवा गडद करणं) हे शब्द डार्करूममधूनच आले आहेत.

सरळसाधा
ॲडम्सने चंद्र दुसऱ्या रात्रीचा आणून चिकटवला नव्हता ना? माझा आक्षेप तिथे आहे. उजेड कमी-जास्त करणं मी समजू शकतो. वस्तू हलवणं नाही. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड सरकवून जवळ आणले, उभ्या पानात बसावेत म्हणून. त्यावर टीका झाली ती रास्तच होती. आज तेच काम फोनवर बोटाने होतं.

अंधारखोली
वस्तू हलवण्याबद्दल तुमच्याशी सहमत. पण मग वर 'फार तर क्रॉप' म्हणालात ते मागे घ्या. क्रॉपनेही खोटं बोलता येतं. कासच्या फोटोत कुंपण आणि गर्दी क्रॉप केली की पठार निर्मनुष्य.

भटकी_मैना
कास अजून फुललंय का हो? पुढच्या आठवड्यात जायचा विचार आहे, नोंदणी मिळेल का?

शटरबटण
मैनाताई, त्यासाठी भटकंती विभागात धागा आहे. इथे नको.

घाटमाथा
वाद नंतर घाला, प्लीज. रॉ आणि जेपेग दोन्ही आहेत, एडिट जेपेगवर केलंय कारण ते लवकर होतं. लॅपटॉप साधाच आहे, ब्राइटनेस फुल, काम रात्री करतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या एका फोटोचं आकाश बदललंय, पण तो प्रश्न नाही. प्रश्न हिरव्याचा आणि काळपटपणाचा आहे.

नीलिमा_प
मग काळपटपणाचं उत्तर तुम्हीच दिलंत. फुल ब्राइटनेसवर फोटो मुळात उजळ दिसतो, म्हणून तुम्ही एक्स्पोजर कमी ठेवता. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. प्रिंटसाठी स्क्रीन साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर असावी. कॅलिब्रेटर नसेल तर कोरा पांढरा कागद खोलीतल्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचं रिकामं पांढरं पान तेवढंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. नाइट लाइट बंद आहे ना ते बघा. ते चालू असेल तर स्क्रीन पिवळी दिसते, आपण नकळत फोटो निळा करतो.

हिरव्याचं कारणही अर्धं स्क्रीनच असावं. स्वस्त लॅपटॉपचे पॅनल बऱ्याचदा ४५ टक्के एनटीएससीचे (रंगांच्या पल्ल्याचं जुनं माप) असतात, म्हणजे एसआरजीबीसुद्धा पूर्ण दाखवत नाहीत. रंग मेलेले दिसतात, मग माणूस व्हायब्रन्स चढवत जातो. फाइलमध्ये मात्र हिरव्याचे लाल आणि निळे चॅनल शून्याला टेकलेले असतात. चॅनल तळाला गेला की पात्यापात्यांतला फरक संपतो आणि हिरवा रंग थापल्यासारखा दिसतो. तेच तुमचं प्लास्टिक.

रॉवरून सुरुवात करा. प्रोफाइल कॅमेरा न्यूट्रल किंवा ॲडोबी कलर, व्हायब्रन्स +१० च्या आत, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्य. मग रंगांच्या पॅनलमध्ये जा. बहुतेक लोक फक्त हिरवा स्लायडर हलवतात आणि काही होत नाही म्हणून जोरात ओढतात. गवत आणि कोवळी पालवी लाइटरूमच्या हिशेबात बरीचशी पिवळ्यात मोडते. पिवळ्याचा ह्यू (छटा) उजवीकडे गेला असेल तर निऑन हिरवं तिथूनच येतंय. तो शून्यावर आणा, गरज पडली तर -५. पिवळ्याचं सॅच्युरेशन -१० ते -१५, हिरव्याचं -१५ ते -२५, हिरव्याचं ल्युमिनन्स (उजळपणा) -१०. पावसाळ्यातला सह्याद्री खरोखर हिरवागार असतो, त्याला वरून रंग द्यावा लागत नाही. ओल्या कातळाचा काळा नीट काळा ठेवा, शेजारचं हिरवं आपोआप उठतं.

तिपाई
हे सगळं फोटो काढतानाच टाळता येतं. ७७ मिलिमीटरचा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) आणि तीन स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड निम्मा) हार्ड ग्रॅज्युएटेड एनडी (वरचा अर्धा भाग सरळ रेषेत गडद असलेला फिल्टर) घ्या. आकाश जागेवरच सांभाळलं जातं, एडिटची गरजच नाही.

कातळ
तिपाई, फोटो काढून झालेत आणि शुक्रवारी द्यायचेत. शिवाय हार्ड ग्रॅड समुद्रकिनाऱ्यावर ठीक, तिथे क्षितिज सरळ असतं. इथे सुळका किंवा कड्याचा माथा वर घुसलेला असतो, तो काळाठिक्कर पडतो आणि नंतर उजळताना तीच पांढरी रेघ येते. त्यापेक्षा दोन-तीन एक्स्पोजर घेऊन जोडलेले बरे. पोलरायझरबद्दल मात्र सहमत, पण आकाशासाठी नाही. १६-१८ मिलिमीटरच्या वाइड लेन्सला आकाशात मधोमध गडद डाग येतो, कारण ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशाच्या पट्ट्यात सर्वांत जास्त असतं. खरा उपयोग ओल्या पानांवरची चकाकी काढायला. ती गेली की पानाचा मूळ रंग मिळतो, सॅच्युरेशन लागत नाही. एक-दीड स्टॉप उजेड जातो, तेवढं लक्षात ठेवा.

तिपाई
सॉफ्ट ग्रॅड (गडद भाग हळूहळू विरणारा) वापरा मग.

कातळ
घाटमाथा, आकाश बदललेल्या फोटोबद्दल. तो फोटो सकाळचा की संध्याकाळचा? आणि हे प्रिंट जाणार कुठे?

घाटमाथा
सकाळचा. मूळ आकाश पांढरंफटक होतं म्हणून सूर्योदयाचे केशरी ढग टाकले आणि कड्यालाही थोडी केशरी झाक दिली. प्रिंट एका छायाचित्र स्पर्धेला, प्रवास विभागात. पीएसएचे (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) नियम लागू असं लिहिलंय.

कातळ
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, सगळं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट, कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी त्याची भिंत सावलीत असते, केशरी ऊन तिच्यावर संध्याकाळी येतं. तुमच्या फोटोत पश्चिमेच्या आकाशात सूर्योदय आणि सावलीतल्या भिंतीवर सोनेरी उजेड आहे. गड पाहिलेला परीक्षक एका नजरेत ओळखेल.

दुसरी, पीएसएच्या फोटो ट्रॅव्हल व्याख्येत क्रॉप सोडून कुठलाही घटक जोडणं, हलवणं, बदलणं किंवा काढणं चालत नाही. धुळीचे डाग आणि नॉइज काढणं, मूळ दृश्याचं रूप परत आणण्यापुरते फेरफार आणि पूर्ण कृष्णधवल करणं चालतं. म्हणजे आकाश बदलणं बाद. विजेची तार, प्लास्टिकची बाटली, कोपऱ्यातला माणूस पुसणंही बाद. मूळ रॉ मागितली तर दाखवता आली पाहिजे. ब्रिटनच्या लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २०१२ साली पहिला आलेला फोटो नंतर अपात्र ठरला, त्यात ढग जोडले होते आणि काही होड्या काढल्या होत्या.

सरळसाधा
हेच मी वर सांगत होतो.

अंधारखोली
नाही, तुम्ही 'काहीच करू नका' म्हणत होतात. नियम मूळ दृश्याचं रूप परत आणू देतो, आणि फिकट रॉला कॉन्ट्रास्ट देणं त्यातच येतं. पांढऱ्या आकाशाचा तो फोटो ढग न टाकता वाचू शकतो. वरचं आकाश क्रॉप करून पातळ पट्टीएवढं ठेवा, नाहीतर कृष्णधवल करा. धुकं आणि काळा कातळ कृष्णधवलमध्ये फार सुंदर उतरतात. आकाश कागदाइतकं कोरं राहू नये म्हणून टोन कर्व्हचं (उजेड-अंधार ठरवणाऱ्या रेषेचं) वरचं उजवं टोक २५५ वरून २४५ वर आणा.

भटकी_मैना
कासच्या फोटोंबद्दल एक. सीतेच्या आसवांचे गालिचे असतील तर एकत्रित हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) विसंबू नका. एकूण उजेड ठीक दिसतो, पण निळा चॅनल आधीच उजवीकडे आपटलेला असतो आणि फुलांचे नुसते जांभळे ठिपके उरतात. तिन्ही चॅनल वेगळे बघा. निळा आपटत असेल तर निळ्या आणि जांभळ्याचं सॅच्युरेशन -१० ते -२०, एक्स्पोजर पाव स्टॉप खाली. तेरड्याच्या गुलाबीला तोच त्रास लाल चॅनलमध्ये होतो. फुलांचा रंग वाढवायचा मोह होतो, पण इथे कमी केल्यावरच पाकळी दिसते.

घाटमाथा
रॉवरून परत केले. आकाशाचा फोटो कृष्णधवल केला. रेघ गेली. आता हायलाइट्स -३५, शॅडोज +२५, क्लॅरिटी कातळावर +८, डीहेझ शून्य, व्हायब्रन्स +८, हिरवं -२०. ब्राइटनेस कागदाशी जुळवला तर सगळं काळं दिसतंय, एक्स्पोजर किती वाढवू? एक्सपोर्ट ॲडोबी आरजीबीमध्ये करतोय, तो मोठा असतो म्हणून.

नीलिमा_प
ॲडोबी आरजीबी नको, लॅबने स्पष्ट मागितल्याशिवाय. त्यांच्या मशीनने प्रोफाइल वाचलं नाही तर रंग मलूल येतील. एसआरजीबी, प्रोफाइल एम्बेड करून (फाइलमध्येच जोडून), जेपेग क्वालिटी ९५, आउटपुट शार्पनिंग मॅट. १२ बाय १८ ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलची फाइल असेल तर मोठी करावी लागणार नाही. लॅबमध्ये 'ऑटो करेक्शन बंद ठेवा' असं ऑर्डरवर लिहून द्या, नाहीतर ऑपरेटर धुक्याचा फोटो मुद्दाम कॉन्ट्रास्टी करून देतो.

एक्स्पोजरचा आकडा इथून सांगता येणार नाही. ८ बाय १२ च्या एकाच कागदावर त्याच फोटोच्या तीन उभ्या पट्ट्या लावा, +०, +०.३ आणि +०.६. त्याच मॅट कागदावर काढा आणि दिवसा खिडकीजवळ बघा. जी पट्टी बरोबर वाटेल तेवढं सगळ्या रंगीत फोटोंना द्या. कृष्णधवलची पट्टी वेगळी काढा, तिला तोच आकडा लागेल असं नाही.

शटरबटण
पट्ट्या उद्याच टाका, बुधवारी हातात आल्या तर एक फेरी आणखी होईल.