घुघुआचे जीवाश्म: जागेवरच राहू द्यावेत की संग्रहालयात न्यावेत?

वऱ्हाडी पाहुणा (धागाकर्ता)
अमरकंटकला जाताना दिंडोरी जिल्ह्यातलं (मध्य प्रदेश) घुघुआ जीवाश्म राष्ट्रीय उद्यान पाहिलं. १९८३ मध्ये दर्जा मिळालेला, क्षेत्रफळ जेमतेम ०.२७ चौ. किमी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन ऊनपावसात पडलीत! माझं मत स्पष्ट आहे: चांगले नमुने उचला आणि जबलपूरला काचेआड ठेवा. एवढी वाट वाकडी करून तिथे जाणार कोण?

दगडधोंडे
सपशेल असहमत. लाव्ह्याचा थर निवला, त्यावर तळी साचली, झाडं वाढली, गाळात गाडली गेली. पाण्यातल्या सिलिकाने (वाळूत असतं ते खनिज) लाकडाची जागा घेतली, मग पुढचा लाव्हा आला. सह्याद्रीचे कडे ज्या उद्रेकांतून झाले, त्यांची ही मधली सुट्टी म्हणा. ओंडका कुठल्या थरात, कशाशेजारी पडला होता हे गेलं की उरतो दिवाणखान्यातला शोपीस.

वऱ्हाडी पाहुणा
थर बिर ठीक आहे हो. पण झिजून सुटे झालेले तुकडे कधीच थराबाहेर आलेत. त्यांचा कसला संदर्भ वाचवताय? उद्या कुणी खिशात घालून नेला तर तोही गेला.

रेवाकाठची
सुट्या तुकड्यांचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. त्यांची नोंद करून ते आत घ्यावेत. पण जबलपूर कशाला? तिथेच छप्पर घाला की! ताडवर्गातल्या झाडाचं दगडी खोड मी तिथे वाकून पाहिलंय. आडव्या छेदावर वर्षवलयं नाहीत, नुसते दाट बारीक ठिपके. ते ठिपके म्हणजे पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे, आजच्या ताडात असतात तसेच. आता त्या माळावर सालवृक्ष आणि सागाचं रान, आणि पायाशी दगड झालेला ताड. हवा किती बदलली हे तिथे उभं राहिलं की कळतं. काचेआड लेबल वाचावं लागेल.

वऱ्हाडी पाहुणा
ताई, तुम्ही वाकून पाहिलंत. बाकीचे फोटो काढायला त्यावर चढून बसतात, त्याचं काय?

दगडधोंडे
मग रखवालदार वाढवा. राष्ट्रीय उद्यानातून दगडही उचलायची परवानगी नाही, तो कायदा राबवा. आणि जाणार कोण म्हणता, तर आपल्याच गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. या धाग्यावरचे किती जण तिथे गेलेत?

वऱ्हाडी पाहुणा
कुणीच नसेल. म्हणून तर जबलपूर म्हणतोय!