शब्दचर्चा : शाळेला मिळते ती ‘श्रेणी’, ‘मानांकन’ की ‘प्रतवारी’?

प्रश्न (जिंतूर, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. मी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. बैठकीत ‘शाळा सिद्धीमध्ये आपल्या शाळेला अ श्रेणी’ असं वाचून दाखवलं (शाळा सिद्धी म्हणजे शाळा तपासण्याचा सरकारी कार्यक्रम), टाळ्या झाल्या. मागं बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “शाळा अ हाय, मग माझ्या चौथीतल्या लेकराला धडा वाचता कामून येईना?” उत्तर कुणालाच देता आलं नाही. कागदपत्रांत बघावं तर कुठं ‘श्रेणी’, कुठं ‘मानांकन’, कुठं ‘मूल्यांकन’, आणि पेपरात ‘शाळांची प्रतवारी’. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? इतिवृत्तात नेमकं काय लिहावं?

उत्तर (उदगीर, जि. लातूर)

दादा, मावशींचा प्रश्न शब्दार्थाच्या अंगानंही अगदी रास्त आहे. मुख्याध्यापक म्हणून हे तक्ते मी भरले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘श्रेणी’ हा शब्द पालकांच्या कानावर पडला तो प्रगतिपुस्तकातून. आपल्याकडं २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. रोजच्या कामावरून करायचं ते आकारिक, सत्राच्या शेवटी घ्यायचं ते संकलित. दोन्ही मिळून लेकराची श्रेणी ठरते: ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, असं उतरत ३३ ते ४० ला ड आणि त्याखाली इ-१, इ-२. त्यामुळं ‘शाळेला अ’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटणारच, या शाळेतली लेकरं ऐंशी-नव्वदच्या वर आहेत.

शाळा सिद्धीतली श्रेणी वेगळ्या गोष्टीची असते. हा कार्यक्रम केंद्रानं नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू केला. त्यात ७ क्षेत्रं आणि ४६ गाभा मानकं आहेत, आणि प्रत्येक मानकावर शाळा पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या स्तरावर आहे ते ठरवायचं. आधी शाळेनं स्वतःच करायचं ते स्वयंमूल्यमापन, नंतर बाहेरचे लोक येऊन करतात ते बाह्यमूल्यमापन. पहिल्या एकट्या क्षेत्रात १२ मानकं: शाळेचा परिसर, मैदान, वर्गखोल्या, वीज, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक, रॅम्प, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, पिण्याचं पाणी, हात धुण्याची सोय, स्वच्छतागृह. लेकरांची प्रगती तिसऱ्या क्षेत्रात येते. तिथं मानकं ५, त्यातलं एक उपस्थितीचं. आता हिशेब तुम्हीच करा. धडा वाचता येतो का, याचं उत्तर ४६ पैकी मोजक्याच रकान्यांत सापडणार.

म्हणून हे मोजणं फुकट आहे असं मी म्हणत नाही. एप्रिलमध्ये शाळेच्या टाकीत पाणी नसलं आणि मुलींचं स्वच्छतागृह कुलूपबंद असलं, तर दुपारनंतर वर्ग कसा ओस पडतो हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. सोयी मोजल्याच पाहिजेत. फक्त त्या मोजणीचं नाव लेकराच्या अभ्यासाला चिकटवू नये.

आता बाकीचे शब्द. ‘मूल्यमापन’ म्हणजे काय आलं, किती आलं हे पडताळण्याची सगळी प्रक्रिया. शाळेत हाच शब्द रुळलेला आहे आणि तोच वापरावा. ‘मूल्यांकन’मध्ये अंक लावण्यावर भर आहे: मालमत्तेचं मूल्यांकन, बोर्डाच्या उत्तरपत्रिकेचं पुनर्मूल्यांकन. हिंदी कागदांत दोन्ही अर्थांना मूल्यांकनच असतं, ते तसंच उचलून आपल्या परिपत्रकांत येतं.

‘मानांकन’ तेव्हाच म्हणावं, जेव्हा बाहेरची संस्था ठरलेल्या मानकांवर तपासून तसं प्रमाणपत्र देते. महाविद्यालयांना नॅकचं, म्हणजे उच्च शिक्षण संस्था तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचं असतं. मधल्या काळात आपल्या कितीतरी शाळांच्या कमानींवर ‘आयएसओ मानांकित’ असं रंगवलं गेलं. आयएसओ ९००१ कारभाराची पद्धत बघतं: नोंदी ठेवता का, जबाबदाऱ्या वाटून दिल्यात का, त्रुटी दुरुस्त करता का. ते कुठल्याही लेकरापुढं पुस्तक उघडत नाही.

आणि ‘प्रतवारी’ शाळेला लावूच नये, असं माझं ठाम मत आहे. हा मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला शब्द आहे. सोयाबीनचा ओलावा, माती-काडी, डागी दाणा बघून प्रत लागते आणि त्यावर भाव ठरतो. एकदा प्रत लागलेला दाणा पुढच्या वर्षी सुधारून परत येत नाही. शाळा मात्र सुधारते. दोन चांगले शिक्षक आले की तीन वर्षांत वाडीवरची शाळा कुठल्या कुठं जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

उत्तर (नांदेड)

गावात खरा चालणारा शब्द यात आलाच नाही: ‘निकाल’. “त्या शाळेचा निकाल किती?” म्हणजे दहावीला बसलेल्यांपैकी किती टक्के पास. हा शब्द सगळ्यांना कळतो, पण त्यातला ‘बसलेल्यांपैकी’ बोलण्यात गळून जातो. समजा आठवीच्या पटावर ६० होते, ऊसतोडीला गेलेले आणि लग्न लावून दिलेल्या मुली वजा होऊन दहावीला ४० बसले आणि चाळीसही पास झाले, तर बॅनरवर शंभर टक्के लागतात. हिशेब चुकलेला नाही, आणि २० लेकरं तरीही हिशेबात नाहीत.

म्हणून ‘निकाल’च्या शेजारी ‘पट’ लिहायलाच हवा. पट म्हणजे हजेरीत नाव असलेली एकूण संख्या. खोटा पट दाखवणाऱ्या शाळा उघड करणारी पटपडताळणी आधी आमच्या नांदेड जिल्ह्यात झाली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर. तेव्हापासून इकडं ‘पट’ शब्दाला चांगलंच वजन आहे.

‘गुणवत्ता’ या शब्दाचंही असंच झालं. आधी ‘गुणवत्ता यादी’ म्हणजे बोर्डात पहिल्या आलेल्या पोरांची यादी, लातूर पॅटर्नचं नाव झालं ते त्याच यादीमुळं. आता ‘शाळेची गुणवत्ता’ म्हणताना दर्जा असा अर्थ घेतात. पालक अजून जुन्याच अर्थानं ऐकतात.

उत्तर (धाराशिव)

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. सरांनी वरच्या श्रेणीबद्दल लिहिलं, मला तळातल्या शब्दांबद्दल बोलायचंय, कारण ते शब्द लेकरांना लागतात.

२०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमानंतर ‘प्रगत शाळा’ हा शब्द आला आणि पाठोपाठ स्टाफरूममध्ये ‘अप्रगत’ रुजला. “तुमच्या वर्गात अप्रगत किती?” हे लेकरांच्या देखत विचारलेलं मी ऐकलंय. मराठवाड्यानं ‘मागास’ हा शब्द पिढ्यान्पिढ्या ऐकलाय. तोच नव्या रूपात सात वर्षांच्या पोराला कशासाठी द्यायचा?

शालेय शिक्षणातली कामगिरी मोजणाऱ्या केंद्राच्या कामगिरी श्रेणी निर्देशांकात वरून खाली नावं अशी आहेत: दक्ष, उत्कर्ष, अतिउत्तम, उत्तम, मग प्रचेष्टा १ ते ३, आणि शेवटी आकांक्षी १ ते ३. ही नावं राज्यांना आणि जिल्ह्यांना लागतात, एकेका शाळेला नाही. जिल्ह्यांसाठी एकूण गुण ६००, त्यातले २९० फलनिष्पत्तीचे. म्हणजे तिथं शिकण्याला बऱ्यापैकी वजन आहे. ‘प्रचेष्टा’ मात्र मराठी कानाला उपराच, इथं ‘प्रयत्नशील’ सहज चाललं असतं.

आमचा जिल्हा २०१८ पासून ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत, म्हणजे विकासात मागं म्हणून केंद्रानं निवडलेल्या जिल्ह्यांत आहे. राज्यातले चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आमचा. व्याकरणानं बघितलं तर आकांक्षी म्हणजे इच्छा धरणारा, आकांक्षित म्हणजे ज्याची इच्छा धरली जाते तो. जिल्हा स्वतः पुढं जाऊ बघतोय असं म्हणायचं असेल तर ‘आकांक्षी’च बरोबर.

मावशींना उत्तर द्यायचं तर मला ‘असर’ या खेड्यातल्या लेकरांचं वाचन-गणित घरोघरी तपासणाऱ्या पाहणीतले साधे शब्द सगळ्यांत जवळचे वाटतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मी पालकांना व्हरांड्यात बसवते आणि त्यांच्यासमोरच लेकराला वाचायला लावते. ‘पाणी’, ‘शेत’, ‘बैल’ खडाखडा वाचतं, आणि चार ओळींचा परिच्छेद आला की जोडाक्षराला बोट अडतं. मग म्हणते, “तुमचं लेकरू शब्दाला आहे, दिवाळीपर्यंत परिच्छेदाला न्यायचंय.” निरक्षर आईलाही हे कळतं, आणि घरी काय करून घ्यायचं तेही ती विचारते. ‘क-२’ सांगितल्यावर असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

जिंतूरहून पुन्हा

ताई, सर, फार उपयोग झाला. इतिवृत्ताचा मसुदा असा केलाय: ‘शाळा सिद्धी बाह्यमूल्यमापनात सोयी, अध्यापन व व्यवस्थापन धरून ४६ मानकांवर शाळेस अ श्रेणी. इयत्ता चौथी वाचन: वर्गातील विद्यार्थ्यांपैकी गोष्ट वाचणारे अमुक, परिच्छेद वाचणारे अमुक, शब्द वाचणारे अमुक.’ चालेल का?

उदगीर

चालेल. ‘वर्गातील’ काढून ‘पटावरील’ करा. पाहणीच्या दिवशी जे आलेच नाहीत त्यांचा आकडा वेगळ्या ओळीत लिहा, आणि मावशींना ती ओळ वाचून दाखवा.